सर्व्हायव्हल गेममधली रात्र: ब्राइटनेस कोणत्या क्रमाने लावायचा आणि टॉर्च किती अंतरावर

माइनक्राफ्टमध्ये सूर्य मावळला की बहुतेक जण आधी सेटिंग उघडतात आणि ब्राइटनेस शंभरावर नेऊन ठेवतात. गुहा राखाडी दिसायला लागते, सगळं दिसतंय असं वाटतं, टॉर्च लावायची राहून जाते आणि मागून आलेला क्रीपर (जवळ येऊन स्फोट होणारा राक्षस) फुटतो. मग पुन्हा सेटिंग, मॉनिटरची बटणं, ग्राफिक्स कार्डाचा गॅमा (गडद आणि मधल्या छटा किती उजळ दिसतील ते ठरवणारं सेटिंग), जे हाताला लागेल ते वाढवलं जातं. शेवटी दिवस पांढराफटक होतो आणि रात्र तशीच राहते.

इथे दोन वेगळे हिशोब आहेत. तुम्हाला स्क्रीनवर किती दिसतं, हा एक. गेमचं जग ज्या चौकोनी ब्लॉकांचं बनलेलं असतं, त्यातल्या एखाद्या ब्लॉकवर प्रत्यक्ष किती उजेड आहे, हा दुसरा. मॉब, म्हणजे गेममधले हल्ला करणारे राक्षस, फक्त दुसऱ्या हिशोबावर चालतात. तुमच्या स्लायडरशी त्यांना काहीही देणंघेणं नसतं. म्हणून पहिला हिशोब एकदाच नीट लावून बंद करायचा आणि रोजचं लक्ष दुसऱ्यावर ठेवायचं.

उदाहरण माइनक्राफ्टचं घेतलं आहे, कारण त्यात उजेड ० ते १५ अशा आकड्यांत मोजता येतो. आकडे १.१८ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांचे आहेत. ही आवृत्ती २०२१च्या शेवटी आली आणि तिने मॉबचा नियमच बदलला. त्याआधीचे व्हिडिओ बघून टॉर्च लावत असाल, तर गरजेच्या कितीतरी पट टॉर्च खर्च करत आहात.

## तयारी: एक चाचणी चित्र

गेम उघडायच्या आधी हे चित्र तयार ठेवा. विंडोजचं पेंट पुरतं.

पूर्ण कॅनव्हास काळा करा. त्यावर सहा चौकोन काढा, प्रत्येक दोन बोटं रुंद. रंग निवडताना लाल, हिरवा, निळा या तिन्ही खणांत एकच आकडा टाकायचा: पहिल्या चौकोनाला ४, मग ८, १२, १६, २०, २४. खाली एक पांढरा पट्टा ओढा आणि त्यात २५१, २४७, २४३ या आकड्यांचे तीन चौकोन काढा. फाइल पीएनजी म्हणून सेव्ह करा. जेपीजीमध्ये काळ्याजवळच्या छटा बदलतात आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही.

मॉनिटर किंवा टीव्ही पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या, मगच काही बदलायला घ्या. आणि सगळ्या सेटिंग्जचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे काही बिघडलं तर मूळ जागी परत जाता येतं.

## टप्पा १: खोलीतला उजेड

तुम्ही ज्या वेळी खेळता त्याच वेळी, त्याच दिव्यात हे काम करा. दुपारी खिडकी उघडी ठेवून लावलेलं सेटिंग रात्री अकराला चुकीचंच ठरणार.

डोक्यावरची ट्यूबलाइट स्क्रीनवर परावर्तित होत असेल तर गेममधल्या गडद छटा तिथेच मेल्या. कोणताही स्लायडर त्या परत आणत नाही. ट्यूबलाइट बंद करा आणि स्क्रीनच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक छोटा दिवा ठेवा. अगदी काळोखात बसणंही बरं नाही. उजळ स्क्रीन आणि काळी खोली यांच्यात डोळा सतत ताणला जातो.

डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्येच फोनवर पांढऱ्या पार्श्वभूमीचा मेसेज उघडला की ती सवय बरीचशी मोडते. शेजारी दुसरा मॉनिटर असेल तर त्यावर पांढरं पान उघडं ठेवू नका.

तपासणी: स्क्रीन बंद करून तिच्याकडे बघा. काळ्या काचेत तुमचा चेहरा किंवा दिवा स्पष्ट दिसत असेल तर दिव्याची जागा बदला.

## टप्पा २: आपोआप बदलणारं सगळं बंद

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो, आणि "काल बरोबर दिसत होतं, आज नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

लॅपटॉपवर: नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस, बॅटरी सेव्हर. विंडोज ११मध्ये डिस्प्ले सेटिंगच्या ब्राइटनेसखाली, स्क्रीनवरच्या चित्रानुसार ब्राइटनेस बदलणारा एक पर्याय असतो, तो बंद करा. एएमडीच्या लॅपटॉपवर व्हॅरी-ब्राइट, इंटेलवर ग्राफिक्सच्या पॉवर सेटिंगमधली डिस्प्ले पॉवर सेव्हिंग. ही दोन्ही चार्जर काढला की चालू होतात आणि नेमक्या गडद दृश्यात गडबड करतात. चार्जर लावून सेटिंग केलं आणि बॅटरीवर खेळलं, तर सगळी मेहनत वाया.

टीव्हीवर: इको किंवा एनर्जी सेव्हिंग, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, खोलीच्या उजेडानुसार बदलणारा सेन्सर. गेम मोड चालू करा. लक्षात ठेवा, बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय पोर्टचं सेटिंग वेगळं साठवलं जातं. कन्सोल ज्या पोर्टला आहे त्यावरच काम करा.

फोनवर: अॅडॅप्टिव्ह ब्राइटनेस, आय कम्फर्ट, एक्स्ट्रा डिम. फोन चार्जिंगला लावून खेळलात तर तो तापतो, आणि तापला की स्वतःहून ब्राइटनेस खाली आणतो. तिथे स्लायडरशी झटापट करू नका. चार्जर काढा, जाड कव्हर काढा, थोडा वेळ थांबा.

## टप्पा ३: केबलवरची रेंज

एचडीएमआयने मॉनिटर किंवा टीव्ही जोडला असेल तरच हा टप्पा लागतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर किंवा फोनवर खेळणाऱ्यांनी थेट टप्पा ४वर जावं.

संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा ० ते २५५ अशा पाठवतो, त्याला फुल रेंज म्हणतात. टीव्हीची जुनी पद्धत १६ ते २३५, म्हणजे लिमिटेड. पाठवणारा एक धरून बसला आणि दाखवणारा दुसरं, की घोळ होतो.

चाचणी चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडा आणि बघा:

- ४, ८, १२, १६ हे चारही चौकोन काळ्यात गडप आणि २० पासून पुढचेच दिसतात: संगणक फुल पाठवतोय, स्क्रीन लिमिटेड समजतेय. गेममधल्या रात्रीचा सगळा तपशील इथे कापला जातो.
- सगळे चौकोन दिसतात, पण मूळ काळा रंगच राखाडी, धुरकट दिसतो: उलटा घोळ आहे.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशन बदलण्याच्या पानावर खाली आउटपुट डायनॅमिक रेंज असते, एएमडीत तेच पिक्सेल फॉरमॅट या नावाखाली सापडतं. सॅमसंगच्या टीव्हीवर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल, एलजीवर ब्लॅक लेव्हल. प्लेस्टेशन ५वर आरजीबी रेंज ऑटोमॅटिक ठेवा. तरी घोळ दिसला तरच हाताने बदला. दोन्ही बाजूंना एकच रेंज हवी, एवढाच नियम.

इशारा: रेंज चुकलेली असताना गॅमा वाढवून भागवू नका. कापलेल्या छटा स्क्रीन दाखवतच नाही. गॅमाने फक्त उरलेलं चित्र फिकट होतं.

## टप्पा ४: मॉनिटर किंवा टीव्ही

इथे नावांचा गोंधळ आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. मॉनिटरवर ब्राइटनेस म्हटलं की बहुधा मागच्या दिव्याची ताकद. ती वाढवली की काळं आणि पांढरं दोन्ही सारखंच उजळतं, लपलेला तपशील वर येत नाही. टीव्हीवर मात्र ब्राइटनेस म्हणजे बहुधा काळ्याची पातळी आणि मागच्या दिव्याला बॅकलाइट किंवा ओएलईडी लाइट असं वेगळं नाव असतं. मित्राने टीव्हीवर सांगितलेला आकडा मॉनिटरवर लावला तर काहीच जुळणार नाही.

क्रम असा ठेवा:

१. पिक्चर मोड स्टँडर्ड किंवा एसआरजीबी. व्हिव्हिड, सिनेमा, एफपीएस असले मोड नकोत.

२. मागचा दिवा डोळ्याला सुखावेल इतका. पांढरं पान उघडून बघा: ते ट्यूबलाइटसारखं डोळ्यात घुसू नये आणि मळकटही दिसू नये.

३. गॅमा २.२. साध्या चित्रासाठी गेम हेच गृहीत धरतात. २.२ गॅमावर अर्ध्या आकड्याची छटा पूर्ण पांढऱ्याच्या साधारण २२ टक्केच प्रकाश देते. 

४. कॉन्ट्रास्ट मूळ जागेवर ठेवून खालचा पांढरा पट्टा बघा. २५१चा चौकोन पुसट, २४७चा जरा बरा दिसायला हवा. तीनही गडप झाले असतील तर कॉन्ट्रास्ट कमी करा.

५. आता काळे चौकोन. ८चा जेमतेम, १२चा सहज दिसायला हवा. ४चा चौकोन स्वस्त पॅनेलवर दिसला नाही तरी चालेल.

गडद भाग उचलणाऱ्या सोयीला बेनक्यूवर ब्लॅक इक्वलायझर, असूसवर शॅडो बूस्ट, एलजीवर ब्लॅक स्टॅबिलायझर, एमएसआयवर नाइट व्हिजन अशी नावं आहेत. सर्व्हायव्हल गेमसाठी ती शक्य तितकी खाली ठेवावी. ८चा चौकोन अजिबात दिसत नसेल तरच एकेक पायरी वर न्या आणि तो दिसायला लागला की थांबा. ही सोय वर नेली की गुहेतला अंधार आणि मंद उजेड एकाच राखाडी रंगाचे होतात. अंधार कुठे सुरू होतो हेच कळेनासं झालं, तर टॉर्च कुठे लावायची हे कसं कळणार?

## टप्पा ५: एचडीआर

एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारी पद्धत) वापरत असाल तर आधी सिस्टीमचं कॅलिब्रेशन, मग गेमचं. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं एचडीआर कॅलिब्रेशन अॅप आहे, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ते आतच असतं. स्क्रीनवरच्या आकृत्या जेमतेम दिसेनाशा होतील तिथे थांबायचं, पुढे ओढायचं नाही. मॉनिटरच्या खोक्यावर एचडीआर लिहिलेलं आहे, पण आत लोकल डिमिंग (मागचा दिवा भागाभागाने मंद करण्याची सोय) नाही, असं असेल तर एचडीआर बंदच ठेवा. असल्या स्क्रीनवर रात्र बहुधा धुरकटच दिसते. आणि वरचं चाचणी चित्र एचडीआर बंद करूनच बघा.

## टप्पा ६: गेमचा स्लायडर, चाचणी बोगद्यात

आता कुठे गेम उघडायचा. इथवर काम नीट झालं असेल तर स्लायडरला फारसं हलवावं लागत नाही.

बऱ्याच गेममध्ये "लोगो जेमतेम दिसेपर्यंत सरकवा" असं चित्र येतं. लोक तो लोगो ठळक दिसेपर्यंत सरकवतात, आणि तिथेच रात्र बिघडते. जेमतेम म्हणजे माहीत आहे म्हणून दिसतो, इतकाच.

माइनक्राफ्टच्या जावा (संगणकावरच्या) आवृत्तीत व्हिडिओ सेटिंगमध्ये ब्राइटनेस मूडीपासून ब्राइटपर्यंत जातो आणि मुळात ५०वर असतो. मेनूत बसून तो ठरवू नका. क्रिएटिव्हमध्ये (अमर्याद सामान मिळणाऱ्या मोडमध्ये) एक चाचणी बोगदा खणा:

१. जमिनीखाली, चारही बाजूंनी बंद, एक ब्लॉक रुंद, दोन उंच, १८ ब्लॉक लांब.

२. एका टोकाला जमिनीवर एक टॉर्च. टॉर्चच्या स्वतःच्या जागी उजेड १४ असतो आणि प्रत्येक ब्लॉकमागे एकाने उतरतो. शेजारच्या ब्लॉकवर १३, तेराव्यावर १, चौदाव्यावर ०.

३. टॉर्चपासून आठव्या ब्लॉकवर एका भिंतीत दगड आणि समोरच्या भिंतीत कोळशाचा ओर (खनिजाचा ब्लॉक) लावा. तिथे उजेड ६ आहे. तेराव्या आणि पंधराव्यावर पुन्हा तेच करा.

४. टॉर्चजवळ उभं राहून बघा. आठव्यावर दगड आणि ओर यातला फरक सहज कळला पाहिजे. मग चालत जाऊन तेराव्याजवळ थांबा, तिथे निरखून बघावं लागेल. पंधराव्यावर जवळ गेल्यावरही काही कळता कामा नये.

पंधराव्यावरचा ओरही ठळक दिसत असेल तर ब्राइटनेस जास्त आहे. आठव्यावरच डोळे बारीक करावे लागत असतील तर ५-५ने वाढवा. चांगल्या पॅनेलवर ५० ते ७० यात काम भागायला हवं. १०० लागत असेल तर दोष मागच्या एखाद्या टप्प्यात आहे, तिकडे परत जा.

शेडर (गेमचा प्रकाश आणि सावल्या बदलणारी जोडणी) वापरणाऱ्यांनी ही चाचणी शेडर चालू ठेवूनच करावी. प्रत्येक शेडर रात्र स्वतःच्या पद्धतीने रंगवतो आणि त्याचं सेटिंग वेगळं असतं. ऑप्शन्सच्या फाइलमध्ये गॅमाचा आकडा हाताने वाढवण्याची जुनी युक्ती १.१९पासून चालत नाही, तिच्यामागे वेळ घालवू नका.

तपासणी: स्लायडर ठरल्यावर भर दुपारी बर्फाच्या प्रदेशात जा. बर्फाच्या ब्लॉकवरची नक्षी दिसत असेल तर ठीक. सगळं एकसारखं पांढरं असेल तर कुठेतरी जास्त झालं आहे.

इथे पहिला हिशोब संपला. सेटिंग बंद करा आणि परत हात लावू नका.

## टप्पा ७: पहिल्या रात्रीआधीची १० मिनिटं

माइनक्राफ्टचा पूर्ण दिवस २० मिनिटांचा. सूर्य उगवल्यापासून साधारण १० मिनिटं उजेड, मग दीड मिनिट संधिप्रकाश, सात मिनिटं रात्र आणि पुन्हा दीड मिनिट पहाट.

आकाश निरभ्र असेल तर सूर्योदयापासून १० मिनिटं २७ सेकंदांनी बेडवर झोपता येतं. उघड्यावर मॉब यायला लागतात ते ११व्या मिनिटाच्या आसपास. मधला अर्धा मिनिट तुमचा आहे. त्या वेळी बेडजवळ असलात तर रात्र मुळात बघावीच लागत नाही.

पहिल्या दिवसाचं सामान: एकाच रंगाच्या तीन लोकरी आणि तीन फळ्या यांचा बेड, आठ कॉबलस्टोनची भट्टी, आणि १६ टॉर्च. टॉर्चसाठी चार कोळसे आणि चार काड्या लागतात, कारण एक कोळसा आणि एक काडी यांच्या चार टॉर्च होतात. कोळसा सापडला नाही म्हणून अंधारात खाणीत उतरू नका. झाडाचे ओंडके भट्टीत भाजले की चारकोल मिळतो आणि त्याच्याही तितक्याच टॉर्च होतात. एक ओंडका भाजायला १० सेकंद. आठव्या मिनिटाला, हातात काय आहे ते न बघता, घराकडे वळा.

बेड झाला नाही तर तीन ब्लॉक सरळ खाली खणा, आत उभे राहा, डोक्यावरच्या जागेत एक ब्लॉक लावून बंद करा. सात मिनिटं तिथे काढायला कंटाळा येतो, पण सामान वाचतं.

इशारा: बेडपासून आडव्या अंतरात आठ आणि उभ्या अंतरात पाच ब्लॉकांच्या आत राक्षस असेल तर झोपता येत नाही, मग तो भिंतीपलीकडे किंवा खालच्या गुहेत असला तरी. बेडखालची जमीन पोकळ आहे का ते आधी बघा. आणि नेदरमध्ये (गेममधल्या नरकासारख्या दुसऱ्या जगात) बेडवर झोपायला गेलात की बेडचा स्फोट होतो.

तीन दिवस, म्हणजे खेळण्याचा एक तास, झोप टाळली की रात्री उघड्या आकाशाखाली फँटम हे उडणारे मॉब येतात. जमिनीवर कितीही टॉर्च लावल्या तरी त्यावर तो उपाय नाही. झोपणं हाच उपाय.

## टप्पा ८: टॉर्चचा हिशोब

१.१८पासून नियम सोपा आहे: ओव्हरवर्ल्डमध्ये (गेमच्या नेहमीच्या जगात) झोम्बी, स्केलेटन, क्रीपर, कोळी हे फक्त अशा जागी स्पॉन होतात (नव्याने उगवतात) जिथे ब्लॉकचा उजेड शून्य आहे. एक असला तरी पुरे. आधीच्या आवृत्त्यांत सात किंवा त्याखाली धोका होता. जुन्या व्हिडिओंतलं दाट जाळं त्या काळचं.

सपाट जमीन. टॉर्च प्रत्येक १३व्या ब्लॉकवर, दोन टॉर्चच्या मध्ये १२ ब्लॉक मोकळे, आडवंही आणि उभंही. उजेड तिरका पसरत नाही, ब्लॉक मोजत जातो. चार टॉर्चच्या मधला सर्वांत लांबचा ब्लॉक सहा आडवे आणि सहा उभे, म्हणजे १२ पावलांवर पडतो आणि तिथे उजेड २ राहतो. अंतर एकाने वाढवून १४ केलं तर मधला ब्लॉक १४ पावलांवर जातो आणि तिथे शून्य. त्या एका ब्लॉकवर क्रीपर येतो आणि मग लोक म्हणतात, टॉर्च लावूनही उपयोग नाही.

३९ बाय ३९ चं अंगण घेतलं तर कडेपासून सहा ब्लॉक सोडून पहिली टॉर्च, मग १३-१३वर. एकूण नऊ. तीन कोळशांत एवढं आवार सुरक्षित होतं.

बोगदा. एक ब्लॉक रुंद सरळ बोगद्यात जमिनीवर लावलेली टॉर्च दर २७व्या ब्लॉकवर पुरते. भिंतीवर डोक्याच्या उंचीला लावली तर पायाजवळ उजेड एकाने कमी होतो, म्हणून २५वर. हे मॉब रोखण्यापुरतं झालं. स्वतःला नीट दिसायला १२-१३वर लावलेली बरी.

नैसर्गिक गुहा. इथे सूत्र चालत नाही. खांब, कोनाडे, वरचे कप्पे यांना वळसा घालून उजेड जातो आणि प्रत्येक वळणाचे ब्लॉक मोजले जातात. सात-आठ ब्लॉकवर एक लावा आणि प्रत्येक कोनाड्यात वेगळी. आत जाताना नेहमी उजव्या भिंतीला लावत गेलात तर परतताना त्या डाव्या हाताला ठेवून वाट सापडते.

छप्पर. सर्वांत जास्त विसरली जाणारी जागा. पूर्ण ब्लॉकांचं सपाट छप्पर म्हणजे मॉबसाठी जमीनच. वर टॉर्च लावा किंवा छप्पर खालच्या अर्ध्यात बसवलेल्या स्लॅबचं (अर्ध्या उंचीच्या ब्लॉकचं) करा, त्यावर ते स्पॉन होत नाहीत. स्लॅब वरच्या अर्ध्यात बसला असेल तर होतात.

तपासायला जावा आवृत्तीत एफ३ दाबा. लॅपटॉपवर बहुधा एफएनसोबत. उजेडाच्या ओळीत तीन आकडे दिसतात: एकूण, आकाशाचा आणि ब्लॉकचा. भर दिवसा एकूण १५ बघून लोक निर्धास्त होतात. तो आकाशाचा उजेड आहे, रात्री जाणारा. बघायचा तो ब्लॉकचा. तो शून्य दिसला की तिथे टॉर्च हवी. बेडरॉक (फोन आणि कन्सोलवरच्या) आवृत्तीत एफ३ नाही, तिथे ब्लॉक मोजा.

कंदील, ग्लोस्टोन, कॅम्पफायर यांचा उजेड १५, म्हणजे टॉर्चपेक्षा एकच जास्त. सोल टॉर्चचा १०, रेडस्टोन टॉर्चचा ७. सजावटीसाठी टॉर्च काढून सोल टॉर्च लावल्या आणि अंतर तेच ठेवलं, तर मध्ये अंधाराचे पट्टे राहतात.

आणखी एक गोष्ट, जी कळली की बऱ्याच कोड्यांचा उलगडा होतो. तुमच्यापासून २४ ब्लॉकांच्या आत मॉब स्पॉनच होत नाहीत. तुम्ही रात्रभर घरात बसलात तर अंगणातला अंधारा कोपरा सुरक्षित वाटतो. खाणीत जाऊन परत आलात की त्याच कोपऱ्यात क्रीपर उभा. दरम्यान काही बिघडलं नाही, तो कोपरा आधीपासूनच शून्यावर होता. म्हणून घरी बसून "काही येत नाही" यावरून निष्कर्ष काढू नका, आकडा बघा.

इशारा: दलदलीतले आणि जमिनीखालच्या ठरावीक चंकमधले (जगाच्या ठरावीक तुकड्यांतले) स्लाइम हे मॉब या नियमात बसत नाहीत. नेदरचे नियमही वेगळे. तिथे टॉर्चवर विसंबू नका.

## टप्पा ९: रात्री बाहेर पडावंच लागलं तर

मूळ जावा आवृत्तीत हातात धरलेली टॉर्च उजेड देत नाही. ती खाली ठेवावी लागते. डायनॅमिक लाइटच्या मॉडने हातातली टॉर्च उजळते, पण तो उजेड फक्त तुमच्या डोळ्यांसाठी. ब्लॉकचा आकडा शून्यच राहतो. नाइट व्हिजनच्या पोशनचंही तेच. साधं तीन मिनिटं टिकतं, रेडस्टोन घातलं की आठ. शोधाशोध करायला उत्तम, पण त्या आठ मिनिटांत टॉर्च न लावता पुढे गेलात तर परतीची वाट भरलेली असते.

पहाट झाली म्हणून धावत सुटू नका. झोम्बी आणि स्केलेटन उन्हात जळतात, पण झाडाच्या सावलीत आणि पाण्यात तग धरतात. क्रीपर उन्हात जळत नाही. दाराशेजारी एक खिडकी असावी ती यासाठी.

## टप्पा १०: इतर गेममध्ये काय बदलतं

डोन्ट स्टार्व्ह. इथे ब्राइटनेसचा काहीच उपयोग नाही. पूर्ण अंधारात काही सेकंद उभं राहिलं की हल्ला होतो, स्क्रीन कितीही उजळ असो. दिवस आठ मिनिटांचा, ३० सेकंदांचे १६ भाग. टॉर्चला दोन गवत, दोन काटक्या आणि ती ७५ सेकंदच टिकते, म्हणजे लांब रात्र काढायला पुरत नाही. संध्याकाळी कॅम्पफायरसाठी तीन गवत आणि दोन ओंडके बाजूला ठेवा, वर जाळायला जास्तीचे ओंडके, आणि टॉर्च फक्त एका जागेवरून दुसरीकडे जायला.

व्हॅलहाइम. झोपायला बेड, वर छप्पर, जवळ पेटती आग, आणि आसपास शत्रू नको. अंग ओलं असेल तरी झोपता येत नाही, म्हणून पावसातून आलात की आधी आगीजवळ थांबा. रात्री उघड्यावर थंडी लागते आणि तब्येत व दम भरून यायला वेळ लागतो. सोबत खेळणाऱ्या सगळ्यांनी झोपायला हवं.

सेव्हन डेज टू डाय. मूळ सेटिंगमध्ये रात्र २२:०० ते ०४:०० आणि त्या वेळात झोम्बी धावतात. इथे उजेड उलटा अंगावर येतो: पेटती टॉर्च हातात असली की लपणं अवघड. म्हणून या गेममध्ये स्क्रीनचं काम, म्हणजे टप्पा १ ते ६, आणखी काटेकोर हवं. दिवा विझवूनही वाट दिसली पाहिजे.

डेझी. रात्र किती गडद हे सर्व्हर ठरवतो. सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये लायटिंग कॉन्फिग ० असेल तर रात्र उजळ, १ असेल तर गडद. स्वतःचा सर्व्हर चालवत असाल आणि खेळाडू गॅमाबद्दल तक्रार करत असतील तर आधी हा आकडा बघा. फ्लॅशलाइट आणि हेडटॉर्च दोन्हीला ९ व्होल्टची बॅटरी लागते, एक जास्तीची खिशात असू द्या. दिवा लावलात की तो समोरच्या टेकडीवरूनही दिसतो. नकाशा बघायचा असेल तर आधी घरात शिरा, दार लावा, मग लावा.

## तरीही जमत नसेल तर: दोष नेमका कुठे

गडद दृश्यात गेमचा स्क्रीनशॉट काढा, एचडीआर बंद ठेवून, आणि फोनवर पाठवून बघा. मॉनिटरचं सेटिंग स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. फोनवर चित्र नीट दिसतं आणि मॉनिटरवर काळं, तर टप्पा ३ आणि ४ पुन्हा करा. दोन्हीकडे काळं असेल तर दोष गेमच्या स्लायडरमध्ये किंवा शेडरमध्ये आहे, टप्पा ६.

चित्र कधी उजळ, कधी गडद असं हलत असेल तर टप्पा २मधलं काहीतरी चालू राहिलं आहे. चार्जर काढून-लावून फरक पडतो का बघा. कॅमेरा फिरवला की गडद भागात काळे ओघळ दिसत असतील, तर तो व्हीए पॅनेलचा स्वभाव आहे. मॉनिटरवर ओव्हरड्राइव्ह एक पायरी वर नेऊन बघा, गॅमा वाढवून ते जात नाहीत. कोपऱ्यांत पिवळट उजेड दिसत असेल तर ती आयपीएसची चमक; जरा मागे सरकून बसा आणि मागचा दिवा कमी करा.

दिसतंय सगळं व्यवस्थित, तरी मॉब येतात? मग स्क्रीनला हात लावू नका. एफ३ दाबा, शून्य शोधा, आणि शोधताना छपरापासून सुरुवात करा.